हात बधिर, तरी आग होते: ब्रेन ट्रेनिंगचं पॅकेज घेऊ का?

पत्र:

ताई, मी इचलकरंजीचा, वय २९. यंत्रमागावर जॉबर होतो. अडीच वर्षांपूर्वी बाईकवरून पडलो, उजवा खांदा आपटला आणि हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले ब्रेकियल प्लेक्ससच्या, म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या, नसा मुळापासून उपटल्यात. नसा जोडायचं ऑपरेशन झालं, आता कोपर जरा वाकतं पण पंजाला काहीच कळत नाही, सुई टोचली तरी नाही. आणि त्याच पंजात लई आग होते, कोणीतरी बोटं पिरगाळतंय असं वाटतं, मधेच करंट बसतो तेव्हा मी ओरडतोच. नसांच्या दुखण्याची गोळी, प्रीगॅबलिन, चालू आहे, तिनं दिवसभर झापड असते, बंद करून टाकावी वाटते. मोबाईलवर व्हिडिओ बघितला की ऑस्ट्रेलियात डोक्याला हेडसेट लावून गेम खेळायला देतात आणि नसांचं दुखणं कमी होतं. पुण्यात एका सेंटरला फोन केला, ते म्हणतात ४० सेशनचं पॅकेज, ९० हजार, आधी भरायचे, गोळ्या सुटतील. बायको दागिने गहाण ठेवूया म्हणते. मामा म्हणतात हे सगळं तुझ्या डोक्यात आहे, कामाला लाग. मालकांनी दिवाणजीचं काम देऊ केलंय पण अशा दुखण्यात बसणार कसा. कधीकधी वाटतं हात कापूनच टाकावा, एकदाची सुटका होईल. काय करू?

उत्तर:

तू मला ताई म्हटलंस म्हणून अरे-तुरेच करते. पॅकेजचं नंतर बोलू, आधी तुझं शेवटून दुसरं वाक्य. हात कापून हे दुखणं जात नाही. धीर द्यायचा म्हणून नाही सांगत, अशा पेशंटमध्ये हे पूर्वी करून झालेलं आहे, हात गेला आणि आग तशीच राहिली, कारण दुखणं पंजात तयारच होत नाहीये. ते जिथे तयार होतं ती जागा कापलेल्या हाताबरोबर जात नाही. म्हणून हा विचार डोक्यातून काढ, आणि कोणी हाडाच्या डॉक्टरने दुखण्यासाठी म्हणून हात काढायचं सुचवलं तर दुसऱ्या न्यूरोसर्जनचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नकोस.

आणि हात नको वाटतो तसं कधी जगणंच नको वाटलं असेल तर ते बायकोपाशी बोल, डॉक्टरांना स्पष्ट सांग, आणि रात्री-बेरात्री कोणी नसेल तर टेली मानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. इतकी वर्षं न झोपता दुखणं सोसणाऱ्या माणसाला असे विचार येतात, त्यात लाजायचं काही नाही, पण एकट्याने वागवायचे नाहीत.

आता बधिर हात दुखतो कसा ते समजून घे, कारण मामांना उत्तर द्यायला लागणार आहे आणि ब्रेन ट्रेनिंग घ्यायचं का नाही हेही त्याच्यातूनच ठरतं. हाताच्या सगळ्या नसा मानेतल्या पाच मुळांपासून निघतात. बाईकवरून पडताना खांदा एकीकडे आणि मान दुसरीकडे जोरात ओढली जाते आणि ही मुळं मज्जारज्जूतून, म्हणजे मणक्याच्या आत जी मुख्य दोरी असते तिच्यातून, उपटून निघतात. आपल्याकडे बाईकच्या अपघातात हे खूप बघायला मिळतं. मूळ उपटलं की पंजाकडून वर जाणारी बातमी बंद, म्हणून सुई टोचलेली कळत नाही. पण ती बातमी घेणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी जिवंत असतात, आणि वर मेंदूत उजव्या पंजासाठी जी जागा राखलेली आहे तीही जागी असते. रेडिओवरचं स्टेशन बंद पडलं म्हणून रेडिओ गप्प बसत नाही, खरखर सुरू होते, आणि स्टेशन लागेल या आशेने आवाज वाढवला तर खरखरच वाढते. त्या पेशी स्वतःच्या स्वतः फायर व्हायला, म्हणजे सिग्नल सोडायला, लागतात आणि मेंदूला वाटतं पंजा जळतोय. सतत जी आग आणि पिरगाळल्यासारखं होतं तो एक प्रकार आणि करंट बसतो तो दुसरा, तुला दोन्ही आहेत आणि या दुखापतीत बहुतेकांना दोन्ही असतात.

तेव्हा मामांना सांग की दुखणं मज्जारज्जूत आणि मेंदूत तयार होतंय हे बरोबर, पण म्हणून ते खोटं नाही. अपघातात फाटलेल्या नसेचं दुखणं आहे ते, एमआरआयमध्ये मुळं उपटलेली दिसतात, रिपोर्ट दाखव त्यांना. (कामाचं ते म्हणाले त्याच्यात मात्र तथ्य आहे, त्यावर येते.)

आता तो ऑस्ट्रेलियाचा व्हिडिओ. बातमी खरी आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स युनिव्हर्सिटीत प्राध्यापक सिल्व्हिया गस्टिन यांची टीम आहे, त्यांनी पेनवेव्ह नावाचा हेडसेट बनवलाय. त्याचे सेन्सर डोक्याला लावले की मेंदूच्या लहरी, म्हणजे ईईजी, टॅबलेटवर जातात आणि तिथे गेम चालू असतो. न्यूरोफीडबॅक म्हणतात याला. लहरी वेगवेगळ्या वेगाच्या असतात, सेकंदाला ४ ते ८ वेळा हलणाऱ्या थीटा, ८ ते १२ च्या अल्फा, त्याच्या वरच्या बीटा. नसांच्या जुन्या दुखण्यात बऱ्याच पेशंटच्या मेंदूत थीटा आणि वरच्या बीटा वाढलेल्या आणि अल्फा कमी झालेल्या दिसतात. गेम असा बांधलेला असतो की लहरी हव्या त्या बाजूला सरकल्या की गेम पुढे जातो, नाही सरकल्या तर अडतो. नक्की काय करायचं ते कोणी सांगत नाही, कारण सांगता येतच नाही, कोणी शांत श्वास घेतं, कोणी आवडती जागा आठवतं, आणि करता करता मेंदूला आपोआप जमायला लागतं. कल्पना चांगली आहे आणि मला मनापासून वाटतं की पुढे यातून काहीतरी हाताला लागेल.

पण २०२५ मध्ये जी बातमी गाजली तो अभ्यास किती जणांवर होता माहितेय? चार. चार आठवड्यांत २० सेशन, घरी बसून, टीम लांबून लक्ष ठेवून. चारपैकी तिघांचं दुखणं बऱ्यापैकी कमी झालं. हे चौघं डोळ्याच्या बुबुळाच्या नसा दुखावलेले पेशंट होते, तुझ्यासारखं मूळ उपटलेलं त्यांच्यात कोणी नव्हतं. संशोधकांनी स्वतःच सांगितलंय की ही सुरुवात आहे, मोठ्या चाचण्या करायच्यात. आणखी एक, त्या हेडसेटचा खर्च साधारण ३०० ऑस्ट्रेलियन डॉलर येतो, कारण त्यांचा हेतूच हा होता की गावाकडच्या माणसाला घरी वापरता यावं. तुझं सेंटर मागतंय ९० हजार. ज्या अभ्यासाच्या नावावर विकतायत त्यातल्या हेडसेटची किंमत आणि यांचं पॅकेज शेजारी ठेवून बघ.

तुझ्या दुखण्याच्या जास्त जवळचं काम स्कॉटलंडमध्ये ग्लासगो युनिव्हर्सिटीत झालंय, अलेक्झांड्रा वुचकोविच यांच्या टीमने मज्जारज्जूला इजा झालेल्या, पाय लुळे पडलेल्या आणि त्याच बधिर पायांत आग होणाऱ्या लोकांना न्यूरोफीडबॅक शिकवला आणि नंतर घरी करायला दिला. काहींना बरं वाटलं. पेशंट तिथेही मोजकेच. आणि अशा बऱ्याचशा अभ्यासांत एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे खोटा गेम दिलेला दुसरा गट. रोज कोणीतरी तुझ्याकडे लक्ष देतंय, डोक्याला मशीन लावलंय, आशा वाटायला लागलीय, एवढ्यानेही दुखणं काही दिवस उतरतं, ते उतरणंसुद्धा खरंच असतं, पण त्यासाठी ९० हजार कशाला? अमेरिकेत मुलांच्या एडीएचडीवर, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलपणाच्या आजारावर, न्यूरोफीडबॅकची अशी चोख तुलना केली, १४४ मुलं, निम्म्याहून जास्त जणांना खरं ट्रेनिंग आणि बाकीच्यांना खोटं, कोणाला काय मिळतंय ते आईबापांनाही माहीत नाही. २०२१ मध्ये निकाल आला, दोन्ही गट सारखेच सुधारले होते. तो आजार वेगळा, मान्य, पण नसांच्या दुखण्यावर अशी मोठी तुलना होईपर्यंत "गोळ्या सुटतील" असं कोणीही छातीठोकपणे म्हणू नये. जो म्हणतो त्याच्याकडे जायचं नाही.

म्हणून पॅकेजचं माझं उत्तर: दागिने गहाण टाकायचे नाहीत. कर्ज काढून, आधी पैसे भरून तर अजिबातच नाही. उद्या हाताशी पैसे असतील आणि करून बघावंसं वाटलं तर विरोध नाही, डोक्याला वरून सेन्सर लावून कोणाचं फारसं वाईट होत नाही, फार तर डोकं दुखतं, थकवा येतो. पण मग एकेका सेशनचे पैसे द्यायचे, तिथे न्यूरोलॉजिस्ट किंवा पेनचा डॉक्टर स्वतः बघतो का हे विचारायचं, ब्रेकियल प्लेक्ससचे पेशंट याआधी केलेत का आणि त्यांचं काय झालं हे विचारायचं, आणि मेंदूचा रंगीत नकाशा काढून देतो म्हणत त्याचे वेगळे पैसे मागितले तर त्या नकाशावरून माझ्या उपचारात नक्की काय बदलणार हे विचारायचं. गोळ्या बंद करा म्हणाले की उठून यायचं.

आता तू म्हणशील की ताईने आशाच काढून घेतली. उलट आहे. मेंदूला शिकवता येतं यावर माझा पूर्ण विश्वास आहे, मी फिजिओथेरपीचं काम करते, माझ्या रोजच्या कामाचा पायाच तो आहे. फक्त त्या शिकवण्याच्या स्वस्त पद्धती आधीपासून आहेत, आणि त्यातली एक तर तुझ्यासारख्याच दुखापतीच्या लोकांमुळे पुढे आली.

व्ही. एस. रामचंद्रन, मूळचे तामिळनाडूचे, अमेरिकेत सॅन दिएगोला मेंदूवर काम करतात. १९९० च्या दशकात त्यांच्याकडे असे पेशंट होते ज्यांचा हात आधी ब्रेकियल प्लेक्सस उपटून लुळा पडला होता आणि मग काढलेला होता, आणि नसलेल्या हाताची मूठ आवळलेलीच आहे, नखं तळव्यात रुततायत, उघडता येत नाही असं ते सांगायचे. (बघ, हात काढून काय झालं ते.) रामचंद्रन यांना वाटलं की लुळा असताना मेंदूने रोज हुकूम सोडला आणि हात हलला नाही, असं शेकडो वेळा झाल्यावर मेंदू "हा हात हलत नाही" हेच शिकून बसला. मग त्यांनी खोक्यात उभा आरसा बसवला, चांगला हात आरशासमोर, आणि प्रतिबिंबात दिसतो तो गेलेला हात. चांगल्या हाताची मूठ उघडली की डोळ्यांना दिसतं दुसरीही उघडली. काही जणांची ती आवळलेली मूठ सुटली. सगळ्यांची नाही.

त्यावर पुढे ऑस्ट्रेलियातल्याच लोरिमर मोझली यांनी पायऱ्या बांधल्या, ग्रेडेड मोटर इमेजरी म्हणतात. त्यांच्या लक्षात आलं की एकदम आरसा दिला तर काही जणांचं दुखणं भडकतं, म्हणून आधी हलकी तयारी. २००६ मध्ये ५१ पेशंटवरचा अभ्यास आला, त्यात काही जण तुझ्यासारखे प्लेक्सस उपटलेले होते, सहा आठवड्यांच्या सरावाने दुखणं आणि रोजचं कामकाज दोन्हीत फरक पडला. नंतर इंग्लंडमध्ये दोन सेंटरवर दुसऱ्या एका हातदुखीच्या पेशंटना हेच दिलं तर तसा फरक दिसला नाही, तेही सांगून ठेवते, म्हणजे हीदेखील खात्रीची गोष्ट नाही. पण हिला खर्च आहे एका आरशाचा, आणि सहा आठवड्यांत तुला कळतं की आपल्याला लागू पडतंय का नाही.

कसं करायचं ते सांगते. पहिले दोन आठवडे या सरावात हात हलवायचाच नाही. बायकोला सांग मोबाईलवर हातांचे फोटो काढ, डावे-उजवे, वेगवेगळ्या कोनातून, मूठ, पंजा, कप धरलेला, वाकडा केलेला, चाळीस-पन्नास फोटो होऊदेत, घरातल्या सगळ्यांचे हात चालतील. ते उलटसुलट बघायचे आणि पटकन ओळखायचं डावा का उजवा. सोपं वाटेल पण तुझ्यासारख्यांना दुखऱ्या बाजूचा हात ओळखायला उशीर लागतो किंवा चुकतं, कारण ओळखताना मेंदू मनातल्या मनात स्वतःचा हात तसा वळवून बघतो. थोडं थोडं, दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येक वेळी दहा मिनिटं. उत्तरं पटापट आणि बरोबर यायला लागली की पुढची पायरी, फोटोतली पोझ उजव्या हाताने केलीय अशी डोळे मिटून नुसती कल्पना. आधी सोप्या पोझ, सैल पंजा, टेबलावर ठेवलेला. तिसऱ्या पायरीला आरसा. फूट-दीड फुटाचा साधा आरसा टेबलावर मधोमध उभा करायचा, उजवा हात उशीवर नीट टेकवून आरशाच्या मागे झाकायचा, डावा पुढे. घड्याळ, अंगठी, दोरा काढून ठेव, दोन्ही हात सारखे दिसले पाहिजेत. आणि डाव्याने सावकाश मूठ उघडायची, बोटं पसरायची, पालथा-उताणा करायचा, नजर आरशातल्या हातावरच. घाई नाही. टीव्ही बंद, मोबाईल लांब.

कुठल्याही पायरीला दुखणं भडकलं आणि तासाभरात उतरलं नाही, घाम सुटला, मळमळलं, तर थांबायचं आणि आधीच्या पायरीवर यायचं, वेळ निम्मा करायचा. नेट लावून ढकलायचं नाही, हे जिममधल्यासारखं सोसून वाढवायचं काम नाहीच. जवळच्या फिजिओथेरपिस्टला हे उत्तर दाखव, कोल्हापूर-सांगलीकडे न्यूरोचं काम करणारे आहेत, पहिले दोन-तीन वेळा समोर बसून करून घेतलं तर बरं.

सोबत एक वही घाल. रोज रात्री एकच आकडा लिही, ० म्हणजे काही नाही आणि १० म्हणजे सहन होण्यापलीकडे, आणि शेजारी करंट किती वेळा बसला, झोप किती लागली. रोजच्या आकड्यावरून खूश-नाराज व्हायचं नाही, आठवड्याची सरासरी बघायची. ७ चा ५ झाला तर पेनच्या डॉक्टरांच्या हिशेबात तो खराखुरा फरक आहे, साधारण ३० टक्के कमी झालं की उपचार लागू पडला म्हणतात. शून्यावर आणतो असं या दुखण्यात कोणी म्हणालं तर मला त्याची काळजीच वाटते. आणि पुढे कधी न्यूरोफीडबॅक केलंस तर तो खर्च वसूल होतोय का नाही हे ही वहीच सांगेल, सेंटरवाले नाही.

मशीनचाच उपचार हवा असेल तर न्यूरोफीडबॅकच्या आधी टीएमएसची चौकशी कर. डोक्यावर बाहेरून कॉइल धरतात आणि चुंबकाच्या ठोक्यांनी मेंदूचा हात हलवणारा भाग जागवतात, तुझा उजवा हात म्हणजे कॉइल डाव्या बाजूला. ऑपरेशन नाही, भूल नाही. नसांच्या दुखण्यावर याचा पुरावा बराच जास्त आहे, युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२० मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा याला सगळ्यात वरची श्रेणी दिली. पण आराम कायमचा नसतो, काही दिवस रोज घ्यावं लागतं आणि मग अधूनमधून परत. पुण्या-मुंबईत काही मोठ्या हॉस्पिटलांत मिळतं, बरेचदा सायकिअॅट्री विभागात मशीन असतं कारण डिप्रेशनसाठी जास्त वापरतात, तेव्हा तिकडे पाठवलं म्हणून मला वेडा समजले असं वाटून घेऊ नकोस. अपघातात डोक्याला मार लागला होता का, कधी फिट आली होती का, डोक्यात क्लिप किंवा धातू आहे का, हे आधीच सांगायचं, या गोष्टी असतील तर टीएमएस चालेलच असं नाही.

गोळ्यांचं. प्रीगॅबलिन एकदम बंद करायची नाही, कधीच नाही. एकदम सोडली की झोप उडते, घाम, घालमेल, दुखणं उसळतं, आणि काहींना फिटसुद्धा येऊ शकते. झापड येतेय ही तक्रार खरी आहे आणि त्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे पण ते डॉक्टरांच्या हातून, डोस हळूहळू कमी करायचा, का रात्रीचा मोठा आणि सकाळचा छोटा ठेवायचा, का जोडीला अॅमिट्रिप्टिलीन, नॉरट्रिप्टिलीन किंवा ड्युलॉक्सेटीन घालून प्रीगॅबलिन उतरवायची. ही नावं वाचून मेडिकलमधून स्वतः आणायची नाहीत. ही औषधं डिप्रेशनची म्हणून ओळखली जातात पण नसांच्या दुखण्यावर ती स्वतंत्रपणे काम करतात. आणि एक लक्षात ठेव, प्रीगॅबलिनने दुखणं निम्म्यावर येणारा माणूस चाचण्यांमध्ये खोट्या गोळीच्या तुलनेत साधारण सात-आठात एक जास्तीचा निघतो, म्हणजे तुला नीट लागू पडली नाही तर त्यात तुझ्या शरीराचा किंवा मनाचा दोष नाही, दुसरं औषध बघायचं एवढंच. झापड असताना गाडी नको, आणि दुखणं विसरायला दारू तर नकोच, या गोळ्यांवर दारू म्हणजे श्वास मंदावण्यापर्यंत जाऊ शकतं.

करंटसाठी अजून एक रस्ता आहे जो तुला कोणी सांगितला नसावा. डीआरईझेड नावाचं ऑपरेशन, मूळ जिथून उपटलं त्या मज्जारज्जूतल्या जागेवरच्या त्या स्वतःहून फायर होणाऱ्या पेशी शांत करतात. अमेरिकेतल्या ब्लेन नॅशोल्ड यांनी १९७० च्या दशकात सुरू केलं, आणि ज्यांच्यासाठी ते सगळ्यात चांगलं चालतं ते प्लेक्सस उपटलेले पेशंटच आहेत, त्यातही करंटवर जास्त. मोठं ऑपरेशन आहे, त्याच बाजूच्या पायात अशक्तपणा यायचा धोका असतो, म्हणून ते शेवटी, सगळं करून झाल्यावर, आणि ज्या न्यूरोसर्जनने हे नेहमी केलंय त्याच्याकडेच. पण असं काही आहे हे माहीत असलं की हात कापायचा विचार करायची वेळ येत नाही, म्हणून सांगितलं.

आता मामा आणि दिवाणजीचं काम. ब्रिटनमध्ये विन पॅरी म्हणून डॉक्टर होते, त्यांनी प्लेक्सस उपटलेल्या खूप पेशंटना वर्षानुवर्षं पाहिलं आणि १९८० मध्ये त्यावर लिहिलं. पेशंटना विचारलं की तुम्हाला सगळ्यात जास्त आराम कशाने पडतो, तर गोळ्यांपेक्षा जास्त वेळा जे आलं ते म्हणजे कामात डोकं गुंतणं. हात रिकामा, डोकं रिकामं, की आग वाढते. थंडीने, आजारपणाने, टेन्शननेही वाढते. मला यात काही नवल वाटत नाही, लक्ष जिकडे जातं तिकडचा आवाज मेंदू वाढवतो. मामांचं "डोक्यात आहे" चूक, पण "कामाला लाग" हे तुझ्या उपचाराचा भाग आहे. तू जॉबर होतास, मागाचा आवाज ऐकून कुठे काय बिघडलंय ते सांगायचास, कारखान्यात तुझ्या डोक्याची किंमत आहे म्हणूनच मालकांनी विचारलं. घेऊन टाक काम. पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी नको, दोन-तीन तास, दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून चक्कर, हात स्लिंगमध्ये नीट आधार देऊन, खांदा लोंबकळत ठेवायचा नाही. डाव्या हाताने लिहायची सवय करावी लागेल, बिलं आणि हजेरी मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर करता येतात का विचार. करंट आला तर येऊदे, घरीही येतोच आहे. मालकांना आधीच सांगून ठेव की मधेच ओरडलो तर घाबरू नका.

थंडीत हाताला लोकरीचा मोजा घाल, पण गरम पिशवी, शेक, तवा काहीही लावायचं नाही. पंजाला कळत नाही, भाजलं तरी पत्ता लागणार नाही आणि मग जखम महिनोन्महिने भरत नाही. रोज रात्री पंजा डोळ्यांनी तपासायचा, नखं, बोटांच्या बेचक्या, कुठे चिरलंय का.

पैशाचं राहिलं. अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढलं नसेल तर काढ, एक अख्खा हात गेलाय, ४० टक्क्यांच्या वर सहज बसेल, सरकारी हॉस्पिटलात तपासणी होते आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं ओळखपत्र, मिळतं, एसटीच्या सवलतीपासून योजनांपर्यंत सगळीकडे तेच लागतं. आणि सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात पेन क्लिनिक असेल तर ते अॅनेस्थेशिया विभागाकडे असतं, केसपेपर काढताना तसं विचार, नाहीतर अॅनेस्थेशिया म्हटलं की भुलीचे डॉक्टर म्हणून लोक तिकडे जातच नाहीत.

आठ आठवडे दे याला. फोटो, कल्पना, आरसा, वही, काम, आणि गोळ्यांचा हिशेब डॉक्टरांबरोबर बसून. पुढच्या अपॉइंटमेंटला वही ने, ऑपरेशनच्या आधीचा एमआरआय आणि ईएमजीचे, म्हणजे नसा-स्नायूंच्या तपासणीचे, रिपोर्ट ने, बायकोला बरोबर ने, कारण रात्री तू किती वेळा उठतोस ते तिला तुझ्यापेक्षा नीट माहीत असणार. आणि डॉक्टरांना तीन गोष्टी विचार: झापड कमी करायला औषध कसं बदलायचं, मला टीएमएस चालेल का, आणि करंटसाठी डीआरईझेड करणाऱ्या कोणाकडे निदान मत घ्यायला पाठवाल का. ते काय म्हणाले ते मला कळव. सेंटरवाल्यांचा परत फोन आला तर सांग, सध्या नाही.